जळीताच्या जागी पुरावा गोळा करताय? या चुका टाळा

‘सगळं जळून खाक झालं, आता काय मिळणार?’ असं म्हणून सगळा राडारोडा फावड्याने ओढून टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. फेकलेली पेट्रोलची बाटली फुटते, पण तिच्या मानेचा जाड तुकडा बरेचदा शाबूत सापडतो, आणि त्यात कोंबलेल्या चिंधीचा आतला भाग न जळलेला असू शकतो. इंधन, बोटांचे ठसे, नशीब असेल तर डीएनएसुद्धा तिथेच मिळतो. म्हणून आधी मान शोधा.

काच काळी दिसते म्हणून पुसू नका. काजळीखाली ठसा टिकून राहू शकतो. आहे तशी फोटो काढून पाठवा. काजळी चिकटपट्टीने, सिलिकॉनच्या साच्याने किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने उतरवणं हे लॅबचं काम.

खरा घोळ पिशवीत होतो. साध्या पॉलिथिनमधून पेट्रोलची वाफ बाहेर जाते आणि बाहेरची आतही येते. संशयिताचे कपडे आणि घटनास्थळावरची राख अशा पिशव्यांतून एकाच गाडीत ठेवली, की कोर्टात बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. खास नायलॉनची पिशवी किंवा घट्ट झाकणाचा नवा कोरा पत्र्याचा डबा वापरा. टोकदार काच डब्यातच ठेवा, ती पिशवी फाडते. डबा काठोकाठ भरू नका, वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. लॅबला वाफ तिथूनच मिळते: डबा तापवून आत टांगलेल्या सक्रिय कोळशाच्या पट्टीवर ती जमा करतात आणि मग जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर तपासतात. ओला नमुना उन्हात वाळवायचा मोह तर अजिबात नको.

अहवाल निरंक, म्हणजे इंधन सापडलं नाही असा आला? नमुना कुठून घेतला ते आधी बघा. सर्वांत जास्त जळलेल्या मधल्या जागेपेक्षा फरशीच्या फटीत, गालिच्याच्या खालच्या बाजूला इंधन जास्त टिकतं. माती असेल तर तिच्यातले जिवाणू पेट्रोल खातात, म्हणून ती लगेच फ्रीझरमध्ये ठेवा.

उलटही होतं: इंधन नसताना ते असल्याचा भास होतो. जळालेला गालिचा आणि फोम स्वतःच टोल्युइन, स्टायरीन अशी रसायनं सोडतात. त्याच गालिच्याचा न जळलेला तुकडा तुलनेला नसेल, तर तज्ज्ञाचेही हात बांधले जातात. काचेवरच्या जाळीदार तड्यांवरून, इंधन टाकून आग भडकवली असा तर्क लढवू नका. तापलेल्या काचेवर पाण्याचा फवारा बसला तरी तसेच तडे जातात.

आणि क्रम सांभाळा: आधी इंधनाची वाफ, मग डीएनए, मग ठसे. ठशांच्या रसायनांनी इंधनाचा अंश धुऊन निघाला, तर तो परत मिळत नाही.