द्राक्षबागांतून सायकल: आधी बागेचं वेळापत्रक पाहा

मुंबई-पुण्याकडचे सायकलवाले विचारतात, "ताई, नाशिकला वायनरीच्या बाजूला सायकल चालवायची आहे, कोणता रूट घेऊ?" मी उलट विचारते, "कोणत्या महिन्यात येताय?" रस्ता मोबाइल दाखवतोच. त्या रस्त्यावर त्या दिवशी चिखल असेल, औषधाचा फवारा असेल की क्रेटने भरलेले ट्रॅक्टर, हे मोबाइलला माहीत नसतं. ते बाग ठरवते.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग. लग्नानंतर नाशिकात औषधाचं दुकान सांभाळते. 2015 मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. त्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीत घरटी एक सायकल आली म्हणा ना. बहुतेक आता बाल्कनीत कपडे वाळवायला आहेत, माझी तेवढी रस्त्यावर राहिली.

तर महिने. ऑक्टोबरच्या आसपास बागेत गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी होते. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात, आणि फुटवा निघाला की फवारण्या सुरू. डाऊनी आणि भुरी या दोन रोगांनी द्राक्षवाल्याची झोप उडवलेली असते, ढगाळ हवा असली की तर विचारूच नका. फवारणी बहुधा सकाळी लवकर, म्हणजे नेमकी आपल्या वेळेला. ट्रॅक्टरमागे ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, घरघरताना ऐकू आला की माझा पाय आपोआप पेडलवरून उतरतो. वारा कुठून आहे ते बघायचं. आपल्याकडे येत असेल तर पन्नास पावलं मागे थांबायचं, ट्रॅक्टर ओळीत आत वळू द्यायचा आणि धुकं खाली बसलं की निघायचं. दोन-तीन मिनिटांचा प्रश्न असतो. चढावर धापा टाकत ते छातीत भरून घेण्यात काय शौर्य? नाकातोंडावर रुमाल बांधला म्हणजे झालं, असंही समजू नका. शेतकरी स्वतःच ओरडून सांगतात, "थांबा ताई, ब्लोअर चालू हाये!" त्यांचं ऐका.

डिसेंबर-जानेवारीत थंडी. निफाडचा पारा 5-6 अंशांवर आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अशा रात्री मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवतात, आणि पहाटे तो धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर बसतो. अशा दिवसांत सूर्य वर आल्याशिवाय मी निघत नाही. एरवी मात्र साडेपाच ही माझी वेळ.

जानेवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत वाइनच्या द्राक्षांची काढणी चालते. मला विचाराल तर यायचं तर फेब्रुवारीतच या. हवा कोरडी, रस्ता कोरडा, बागा भरलेल्या. थंडाव्यातच तोडणी उरकायची म्हणून माणसं उजाडायच्या आधीपासून बागेत असतात, आणि तुम्ही पोचेपर्यंत क्रेट रचलेली ट्रॉली वायनरीच्या वाटेला लागलेली असते. त्या ट्रॉलीच्या मागे चिकटून वारा चुकवायचा मोह आवरा. ट्रॉलीला ब्रेकलाइट असेलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणी झाल्यावरच्या छाटणीनंतर, बागा उघड्याबोडक्या आणि नऊनंतर डोकं तापतं, तेव्हा त्या दिवसांबद्दल एवढंच पुरे.

पावसाळा वेगळा. हिरवाई बघायला सगळे तेव्हाच येतात, आणि पडतातही तेव्हाच. मी पडले ते ऑगस्टमध्ये, सावरगावच्या रस्त्यावर. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी वळणावर काळी माती आणून टाकली होती, वर भुरभुर पाऊस. मी मातीवर गेल्यावर पुढचा ब्रेक दाबला. सायकल अशी काही गेली, जणू कुणी खालून ओढून घेतली. कोपर सोललं, गिअरचा हँगर वाकला. शेजारच्या वस्तीवरच्या आजींनी कळशीभर पाणी ओतून जखम धुतली आणि वर सुनावलं, "बाई, गाडी बंद पडली व्हय?" तेव्हापासून नियम: रस्त्यावर काळा ओला पट्टा दिसला की ब्रेक त्याच्या आधी. पट्ट्यावर हँडल सरळ, पेडल थांबवलेलं, बोटं ब्रेकवरून उचललेली. कोरड्यावर आल्यावर मग वळा.

आता रस्ते. नवख्यांनी गंगापूर-सावरगाव रस्ता घ्यावा. शहरातून गंगापूर रोडने सोमेश्वर, गंगापूर गाव, मग डावीउजवीकडे बागा आणि गंगापूर धरणाचं पाणी. सुला, यॉर्क, सोमा या वायनरी याच पट्ट्यात. जाऊन-येऊन साधारण 35 किलोमीटर होतात, चढउतार छोटे छोटे, पण पायांना जाणवतील असे. शनिवार-रविवारी दहानंतर या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात सायकल घालू नका. साडेनऊला परतीला लागा.

इथेच सीटवर बसल्या बसल्या एक गोष्ट शिकता येते. खायच्या द्राक्षांची वेल डोक्यावर मांडवासारखी किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरलेली असते, खाली सावली, घड लोंबकळतात. वाइनच्या द्राक्षांच्या ओळी भिंतीसारख्या सरळ उभ्या, घड कमरेच्या खाली, मणी बारीक. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की तासाला वीसच्या वेगातही बाग ओळखू येते. शिराज ही वाइनची काळी जात पिकली की तिचा निळसर काळा घड रस्त्यावरून दिसतो.

दुसरी वाट त्र्यंबकची. नाशिकहून 28 किलोमीटर, मुख्य रस्ता, त्यामुळे पहाटेच. चढ दिसत नाही पण संपतही नाही. पुढे पहिन्याकडे वळलात की डोंगर अंगावर येतात. पावसाळी रविवारी मात्र तिथे धबधब्याला आलेली गर्दी असते, मग आठवड्यातला मधला वार निवडा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या दुपारी इथला वारा पश्चिमेचा, तेव्हा जाताना पश्चिमेला जा, म्हणजे दमलेल्या पायांनी येताना तो पाठीला मिळतो. उलट केलंत तर शेवटचे दहा किलोमीटर मला शिव्या घालाल.

तिसरी माझ्या माहेरची. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि तिथून सप्तशृंगी गडाचा सुमारे 10 किलोमीटरचा घाट. नाशिकपासून जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास पडतात. वणीच्या मुख्य रस्त्यावर वाहनं आहेत. शांतता हवी तर आग्रा रोडवरच्या दहाव्या मैलाहून जानोरी, मोहाडीकडे आत शिरा, तिथे दोन्ही बाजूंनी बागाच बागा. चैत्रात आणि नवरात्रात गडाचा नाद सोडा. रस्ता तेव्हा पायी येणाऱ्या भाविकांचा असतो आणि घाटात एसटीचा.

घाट चढताना पहिले दोन किलोमीटर एवढाच जोर लावा की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बहुतेक जण तिथेच संपतात. बसून चढा, वळणाच्या आतल्या कडेला चढ जास्त उभा असतो, म्हणून मागे गाडी नसेल तर बाहेरच्या अंगाने जा. माझ्या सायकलला आधी मागे सगळ्यात मोठं चाक 25 दात्यांचं होतं, दोन महिन्यांत गुडघा बोलायला लागला. आता पुढे 34, मागे 34. दुकानदार म्हणाला, "एवढं सोपं कशाला?" त्याला घाट चढायचा नव्हता.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. गडावर माकडं आहेत, खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका.

सामानात दोन ट्यूब हव्यातच, कारण बांधाला बाभळीची कुंपणं आहेत आणि काटा टायर बघून येत नाही. मी 28 मिलिमीटर रुंदीचे टायर वापरते, माझ्या 62 किलोला 70 पीएसआय हवा पुरते. खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि मूठभर बेदाणे, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. मिसळ परतल्यावर. मखमलाबादच्या बाजूला मिसळ खाऊन पुन्हा चढावर निघालेले मी पाहिले आहेत, त्यांचं पुढे काय झालं ते सांगत नाही. वाइनचंही तसंच: सायकल गाडीवर चढवल्यावर चाखा, चालवणारा दुसरा असेल तर.

शेवटी फोटो. न विचारता बागेत शिरू नका. विचारलंत तर मालक बहुधा स्वतः एखादा घड हातावर ठेवेल; तो बाटलीतल्या पाण्याने धुऊनच तोंडात टाका. आणि सायकल टेकवायची तर बांधाला किंवा झाडाला टेकवा, बागेच्या तारेला नको. ती तार ताणून अख्ख्या ओळीचं वजन धरून असते. माझ्या मामांनी या एका कारणावरून माझ्या मैत्रिणीला चहा पाजायच्या आधी दहा मिनिटं झापलं होतं.