ओसीआय कार्ड आहे म्हणून मतदान करायला जाऊ नका

दर निवडणुकीला कोणीतरी विचारतंच, दादा अमेरिकेचा सिटिझन झालाय पण यादीत नाव अजून आहे, मग मत टाकलं तर काय बिघडलं? बिघडतं. परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं आपोआप संपतं, आणि मतदार व्हायला भारतीय नागरिक असणं ही पहिलीच अट आहे. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, पण नावात सिटिझन असलं तरी तो एक प्रकारचा आयुष्यभराचा व्हिसाच, मताचा हक्क त्यात नाही. आधार दाखवून तर काहीच सिद्ध होत नाही, ते ओसीआयवाल्यांनाही मिळतं. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्यांनाही हेच लागू. अशा वेळी फॉर्म ७ भरून नाव काढून टाका सरळ.

पण नुसतं नोकरीसाठी दुबईत किंवा लंडनला असाल, पासपोर्ट भारताचाच असेल, तर तुम्ही पक्के मतदार. फॉर्म ६ए ऑनलाइन भरायचा, पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्याच मतदारसंघात नाव लागतं, सोबत पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची कॉपी. वोटर कार्ड मिळत नाही बरं का, बूथवर ओरिजिनल पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं, आणि खरी अडचण तीच, एका मतासाठी विमानाचं तिकीट काढणार कोण! फॉर्मवर नागरिकत्वाचं खोटं लिहिलंत तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, तेवढं ध्यानात ठेवा.