चोरीस संपले, आता काय? मराठवाड्यात नव्याने आलेल्यांसाठी

गोवा, सावंतवाडी, वसई या पट्ट्यातून वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मंडळी घर मिळालं, गॅस लागला की पुढचा प्रश्न हाच विचारतात: इथं चोरीस (गोव्याकडचे डुकराच्या मांसाचे मसालेदार, वाळवलेले सॉसेज) कुठं मिळतात? बेकन? हॅम? संभाजीनगरात मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये चिकन सलामी आणि चिकन सॉसेज सापडेल. नशीब असेल तर एखाद्या दुकानात गोठवलेलं बेकनही. बीड, परभणी, हिंगोलीला बदली झाली असेल तर तेवढीही आशा धरू नका. आणि खरं सांगायचं तर ती चिकन सलामी कालवणात घालून काही साधत नाही. पाणी सुटतं, तुकडे रबरासारखे होतात आणि रस्सा फिका तो फिकाच. ते पैसे खाटकाला द्या.

आधी एक ठरवा, तुमच्या पातेल्यात चोरीस नेमकं काय काय करत होते? मीठ तर होतंच. माडाच्या सिरक्याचा आंबटपणा होता, मिरची-लसणाचा झणका होता, डुकराची चरबी होती, उन्हाधुरात मुरल्याचा उग्र वास होता आणि दाताखाली थोडा चिवटपणा होता. हे सगळं एकटा करील असा पदार्थ इथं नाही. पण एकेक काम करणारे आहेत, आणि बहुतेक सगळे आठवडी बाजारातच भेटतात.

आंबटाचं सोपं आहे. माडाचा सिरका विसरा. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं आणि चवीला काही देत नाही. मोठ्या किराणा दुकानात उसाचा किंवा जांभळाचा सिरका विचारा, त्याला थोडा गोडसर अंग असतो. मिरची ब्याडगीच घ्या, रंग तिचाच. इथली लोकं जास्त तिखट मिरची सुचवतील, ती ठेच्याला ठेवा.

चरबीसाठी खाटकाशी ओळख करा. बोकडाची चरबी वेगळी मागितली की तो आधी तुमच्याकडे बघेल, मग बहुतेक वेळा वजनातच धरणार नाही. घरी आणून बारीक चिरा, पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पाणी आटेपर्यंत चरबी सुटते, तळाशी कुरकुरीत चुरा राहतो, तो वरणावर टाकून बघा. फक्त एक लक्षात ठेवा: बोकडाची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे गार होताच थिजून टाळूला चिकटते. डब्यात न्यायच्या पुलावाला ती नको. तिथं करडईचं तेल वापरा, ते इथं चांगलं मिळतं. चरबी गरमागरम खायच्या पदार्थांना.

आता धूर. या बाबतीत मराठवाडा आपल्यापेक्षा पुढे आहे असं मला वाटतं. इथल्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं आणि सुकं खोबरं, मिरच्या पार काळपट होईपर्यंत भाजलेल्या असतात. दगडफूल नुसतं हुंगलं तर वाळक्या पाल्यासारखं लागतं, गरम तेलात पडलं की त्याचा खरा वास उठतो. म्हणून काळा मसाला शेवटी भुरभुरू नका, फोडणीतच घाला. येसरही घरात ठेवा. धान्य आणि डाळी खमंग भाजून, मसाल्याबरोबर दळलेलं हे पीठ आमटीला लावतात. वाटाण्याच्या सूपमध्ये हॅमच्या हाडानं जो भरीव, भाजका दाटपणा यायचा, तो दोन चमचे येसर लावून बराचसा येतो. आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात.

आणि धुंगार. इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरत असेल तर त्याच्याकडूनच दोन कोळसे मागा. कोळसा लालबुंद करून वाटीत, वाटी कालवणाच्या मधोमध, वर सुटलेल्या चरबीचे चार थेंब, आणि लगेच झाकण. तूप चालतं, पण चरबीच जळू द्या, कारण मांस धुरावर धरतात तेव्हाही निखाऱ्यावर ठिबकते ती चरबीच. पाच मिनिटांत काढा. जास्त ठेवलं की राखेची चव येते. खिडकी मात्र उघडी ठेवा.

या सगळ्याचं मिळून मी जे करतो ते असं. पाव किलो खिमा, दोनदा न फिरवता जाडसर. आठ-दहा ब्याडगी मिरच्या सिरक्यात भिजवून लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळदीबरोबर वाटायच्या, पाणी अजिबात नाही. मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त. खिम्याला चोळून झाकून फ्रीजमध्ये रात्रभर, मग चरबीत परतून पार कोरडं होईपर्यंत शिजवायचं आणि धुंगार. चवळीत घाला, बटाट्याबरोबर करा, पावात भरा. पावाऐवजी नान घेतलात तर आणखी बरं. इथला नान-खलिया (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासूनचा, असं इथले लोक सांगतात. खरं असेल तर तोही आपल्यासारखा बाहेरून येऊन इथलाच झालेला.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि हवा कोरडी ठाक झाली की गच्चीवर सॉसेज वाळवायचा मोह होतो. करू नका. खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, आणि कडक उन्हात वरचा थर पटकन सुकून आतला ओलावा अडकतो. बाहेरून खणखणीत दिसणारा तुकडा आतून नासलेला असू शकतो. मराठवाड्याला मांस वाळवणं ठाऊक आहे, पण त्याची रीत वेगळी आहे. इथल्या दलित वस्त्यांत चान्या करत आले: मोठ्याच्या, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या, मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या दोरीवर वाळवून साठवायच्या, लागतील तशा भाजायच्या किंवा कालवणात टाकायच्या. पट्टी पातळ म्हणूनच ती आतपर्यंत वाळते. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीचं मांस चालतं. चान्या दुकानात विचारायची वस्तू नाही. कुणी घरी बोलावून वाढल्या तर दोनदा मागून घ्या.

सुकट, जवळा, बोंबील मात्र आठवडी बाजारात हमखास असतात. मूठभर जवळा तव्यावर कोरडा भाजून त्याची पूड करा. चवळीच्या मोठ्या पातेल्याला एक चमचा पुरे. मासळी ओळखू येत नाही, पण खारवलेल्या मांसाची ती खोल चव येते. दोन चमचे टाकलेत तर फक्त सुकटच लागेल.

घरमालक शाकाहारी असेल, आणि बरेचदा असतोच, तर वाद घालू नका. लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे, सोयावडी कुठंही मिळते. ती नुसत्या पाण्यात नाही, सिरका आणि मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, जाडसर चुरा, वरचंच वाटण चोळून करडईच्या तेलात कडक परता. चिवटपणा तिच्यात आहेच. सांडगेही असेच वापरता येतात, तळून शेवटच्या पाच मिनिटांत रश्शात सोडायचे, म्हणजे विरघळत नाहीत.

हॅम सँडविचला मात्र पर्याय नाही. थंड, कापून थेट खायचं मांस इथं घरी करायच्या भानगडीत पडू नका. ते सुट्टीत गावी गेलात की खा. येताना चोरीसची माळ आणा, उन्हाळ्यात पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका, आणि एका बैठकीत संपवू नका. दोन गाठी फोडून आधी तेलात टाका, त्यांची लाल चरबी सुटली की त्यात खिमा किंवा सोयावडी परता. अख्ख्या पातेल्याला तेवढ्यात वास लागतो, आणि माळ पुढच्या सुट्टीपर्यंत पुरते.