तिखटाच्या पाकिटावर किंमत छापण्याआधी

फेब्रुवारी-मार्चात नंदुरबारकडची लाल मिरची वाळून तयार असते आणि खान्देशात घरोघरी तिखट, पापड, बिबड्यांची लगबग सुरू होते. आता बरेच शेतकरी आणि बचतगट हा माल पाकिटात भरून दुकानात ठेवतात. माल उत्तम असतो, गणित फसतं ते टक्क्यांत. खर्चावर चढवलेले २५ टक्के आणि विक्रीतून सुटणारे २५ टक्के या दोन वेगळ्या रकमा आहेत.

मोबाईलवर गुगल शीट्स किंवा एक्सेल उघडा. बी स्तंभात बी१ पासून खाली खर्च भरत चला. उदाहरणापुरते आकडे घेऊ: सुकी मिरची १०० किलो, १६० रुपयांनी १६,००० रुपये, देठ खुडण्याची मजुरी १,५००, दळणाई १,४००, पाकिटं-लेबल १,८००, वाहतूक ९००. बी६ मध्ये बेरीज, २१,६०० रुपये. मिरची घरची असली तरी तिथे शून्य टाकू नका, त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव लावा. नाहीतर तिखटात कमावलं की मिरचीच फुकट दिली, ते कळणार नाही. देठ घरच्या बायांनी खुडले तरी मजुरी धरायचीच.

बी७ मध्ये तयार तिखटाचं वजन लिहा, आणलेल्या मिरचीचं नव्हे. देठ, ओल आणि दळताना उडणारं जाऊन समजा ९० किलो उरलं. म्हणजे बी८ मध्ये किलोचा खर्च २४० रुपये. इथे सवयीने १०० ने भागलं तर २१६ येतात, किलोमागे २४ रुपये कागदावरूनच गायब. केळी वेफर्स करणाऱ्यांनी तर हा रकाना दोनदा तपासावा, कारण साल आणि पाणी गेल्यावर वजन फारच खाली येतं.

आता किंमत. २४० वर २५ टक्के चढवले की ३०० रुपये. दुकानदारही २५ टक्केच मागतो, पण त्याचे टक्के छापील किमतीवर असतात. तो ३०० मधले ७५ ठेवतो, तुमच्या हाती २२५ येतात. किलोमागे १५ रुपये तोटा, आणि वहीत मात्र नफा दिसतोय!

म्हणून किंमत वरून खाली काढा. बी९ मध्ये दुकानदाराचा वाटा २५%, बी१० मध्ये आपला नफा १५%, दोन्ही छापील किमतीवर. बी११ मध्ये सूत्र: =बी८/(१-बी९-बी१०). शीटमध्ये ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाईप करा. उत्तर ४०० रुपये. त्यातले १०० दुकानदाराचे, ३०० आपले, खर्च वजा जाता ६० उरतात. ते ६० म्हणजे खर्चाच्या बरोबर २५ टक्के, आपल्याला हवे होते तेवढेच.

टक्क्याचं चिन्ह विसरू नका. नुसतं २५ आणि १५ लिहिलं तर किंमत उणे सहा रुपये येते. ही चूक निदान लगेच दिसते. २१६ ची दिसत नाही.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो भागही त्यातूनच जाणार, त्याचा रकाना वेगळा ठेवा. परत आलेली, फुटलेली पाकिटंही खर्चात धरा.

४०० ला गिऱ्हाईक मिळत नसेल तर किंमत पाडण्याआधी विक्रीची वाट बदलून बघा. प्रदर्शनात किंवा ओळखीच्या घरी थेट ३२० ने विकलं तर किलोला ८० उरतात, त्यातून फक्त तुमचा गाळ्याचा आणि गाडीचा खर्च वजा करायचा. दुकानदार ३० टक्क्यांवर अडून बसला तर बी९ बदला: किंमत ४३६ च्या पुढे जाते. ४०० च ठेवायची असेल तर तुमचे ६० घसरून ४० होतात. होकार देण्याआधी हे आकडे त्याच्यासमोरच मोबाईलवर बघा.