फरशीच्या कामात नवीन आहात? आधी खालचं शिका

नाशिकमध्ये सध्या फरशीच्या कामाला येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात कटर हातात मागतात. कोटा दगड कापायचा, ग्रॅनाइटची गोलाई मारायची, पॉलिशचं मशीन फिरवायचं. हे सगळं जमतं हो, सरावाचाच भाग आहे. पण साइटवर ज्याच्या शब्दाला वजन असतं, तो मिस्त्री खोलीत शिरल्यावर दगडाकडे बघतसुद्धा नाही. तो आधी खाली बघतो.

तळमजल्याचं काम असेल तर पहिला प्रश्न मातीचा. आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या अंगाला, काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच माती ढकलून वर फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत फरशी कुठे खचते, कुठे उचलते, आणि शिव्या फरशीवाल्याला! म्हणून काळी माती काढून चांगला मुरूम भरायचा, तोही सहा-आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करून, म्हणजे चोपून घट्ट करून. एकदम दोन फूट भराई टाकून वरून चोपली तर वरचे काही इंच घट्ट होतात, खालचं पोकळच राहतं. मग दगडी सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, त्याच्या फटी मुरमाने भरून घ्यायच्या, आणि त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट. हाच फरशीखालचा बेड. वाळवीचं औषध आणि नळाच्या लाइनी पीसीसीच्या आधी. नाहीतर नंतर कुणीतरी येऊन बेड फोडणारच. पीसीसीला किमान आठवडाभर पाणी.

आता लेव्हल. नवख्या पोराने खरं शिकायचं ते इथे. पाण्याची नळी घ्या, बुडबुडा राहिलेला नाही ना ते बघा आणि सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर फरशी तयार झाल्यावर जिथे येणार त्या पातळीपासून तीन फुटांवर मार्क मारा. समजा कोटा एक इंचाचा आणि त्याखालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, दीड इंचाचा. म्हणजे मार्कपासून बेडपर्यंत छत्तीस अधिक अडीच, साडेअडतीस इंच भरायला हवेत. टेप धरून खोलीभर फिरा. एका कोपऱ्यात सदतीसच भरले तर तिथे फक्त दगडापुरती जागा आहे, मालाला काहीच नाही. तो उंचवटा फोडावाच लागेल. दुसरीकडे एक्केचाळीस भरले तर तो खड्डा आधी काँक्रीटने भरून घ्यायचा. बरेच जण तिथे चार इंच माल लोटून मोकळे होतात. जाड माल सुकताना बसतो, दगडाखाली पोकळी राहते, आणि जड कपाट सरकवताना नेमका तोच दगड तडकतो.

कोटा, शहाबादी, कडप्पा यांची जाडी सारखी नसते, एकाच गाडीतल्या दोन लाद्यांतही फरक निघतो. टाइल्ससारखा पातळ चिकट थर इथे चालत नाही. जाडीतला फरक मालातच जिरवायचा असतो, म्हणून थिये (लेव्हल दाखवणारे मालाचे ठिपके) मारून दोरी बांधल्याशिवाय थापी उचलू नका.

बेड गुळगुळीत असेल तर माल धरावा म्हणून छिन्नीने टाचे मारा. झाडून घ्या, धूळ अजिबात नको, प्लास्टरचे पडलेले गोळे खरवडून काढा. पाणी मारून ओला करा, पण डबकं साठू देऊ नका. माल एक भाग सिमेंटला पाच-सहा भाग वाळू, कोरडसर. मूठ वळली की गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून पाणी सुटता कामा नये. क्रशर सॅण्डमध्ये, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूत, भुकटी जास्त असेल तर माल चिकट लागतो आणि सुकल्यावर भेगा देतो. अशी वाळू परत पाठवायला लाजू नका. माल पसरल्यावर दगड कोरडाच ठेवून रबरी हातोड्याने लेव्हल बघायची, मग उचलून मालावर सिमेंटचा रगडा, म्हणजे सिमेंट-पाण्याचा पातळ घोळ, ओतायचा, दगडाची पाठ धुऊन तिलाही रगडा लावायचा, आणि बसवायचा. पांढऱ्या मार्बलखाली रगडा पांढऱ्या सिमेंटचा. करड्याची छाया वर उमटते.

बाथरूमला ढाळ बेडमध्येच द्यायचा, दहा फुटांना सव्वा ते दीड इंच. दगड तिरका करून ढाळ काढणाऱ्याचं पाणी कायम कोपऱ्यात साचतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवल्याशिवाय तिथे हात घालू नका, घरमालक कितीही घाई करो.

सगळं झाल्यावर फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कुणी अ‍ॅसिड आणलं तर थांबवा. कोटा, शहाबादी, कडप्पा, मार्बल यांच्यात चुन्याचा अंश मोठा. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो आणि चकाकी कायमची जाते.

पैशाचंही सांगतो. दर ठरतो स्क्वेअर फुटावर, पण त्यात बेड तासणं, खड्डे भरणं, राडा उचलणं कुणाकडे, हे बोललं जात नाही. गंगापूर रोडच्या एका बंगल्यावर यावरूनच माझी अर्धी मजुरी वादात अडकली होती. तेव्हापासून काम घेण्याआधी मी खोलीवार लेव्हलचे आकडे डायरीत लिहितो आणि साइट सुपरवायझरची सही घेतो. उंचवटे आणि खड्डे वेगळ्या ओळीत, त्यांचा दर वेगळा. सही द्यायला कुरकुर करणारा बिलाच्या वेळीही कुरकुरच करतो, तेव्हा त्याचं काम सोडलेलं बरं.