सह्याद्रीत ऑफ-रोड मोटरसायकल क्लब चालवताय? वाटा बिघडवणाऱ्या या चुका टाळा

मातीची वाट चाकांनी झिजते त्याहून कितीतरी जास्त ती पावसाच्या पाण्याने वाहून जाते. चाक फक्त चर पाडून देतं, पुढचं काम पाणी करतं. तरीही क्लबची बहुतेक श्रमदानं झुडपं छाटण्यात आणि दगड बाजूला करण्यात संपतात. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

सरळ वर चढणारी वाट

टेकडीच्या तोंडावर सरळ चढणारी वाट चालवायला मजा येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची ओघळ होते. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी हवा. उतार २० टक्के असेल, तर वाट १० टक्क्यांच्या आत. याहून जास्त झाली की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेवरूनच धावतं.

चढ डोळ्यांनी ठरवू नका. पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर घ्या: मापाच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी. काठ्या १० मीटर अंतरावर उभ्या धरा. दोन्हींवरच्या पाण्याच्या आकड्यांत ८० सेंटिमीटर फरक आला, तर चढ ८ टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, तेवढं आधी पाहा. गावात पाणलोटाची कामं झाली असतील, तर हे यंत्र सराईतपणे वापरणारी माणसं तिथेच भेटतील. त्यांना सोबत घ्या, पाणी कुठून येतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

चरात नुसती माती भरणं

ही चूक जवळपास प्रत्येक क्लब करतो. सुटी माती पहिल्या जोरदार सरीत खाली जाते, कारण पाणी अजूनही त्याच चरातून येत असतं. आधी चराच्या वरच्या टोकाला पाणी वाटेबाहेर काढा, मगच भराव घाला. चर फूटभराहून खोल गेला असेल, तर ती ओळ सोडून द्या. त्यात दर तीन-चार मीटरवर दगडांचे छोटे आडवे बांध रचा. मोठे दगड तळाला, मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खाली, म्हणजे पाणी मधूनच सांडेल आणि कडा पोखरल्या जाणार नाहीत. मागे गाळ साचत जातो आणि जखम हळूहळू भरते. नवी वाट बाजूने, कमी चढाची काढा.

पाणी वळवायला लाकडाचा ओंडका आडवा टाकणं ही पायवाटेची पद्धत. मोटरसायकलचं चाक आदळून तो हलतो आणि चालक त्याला वळसा घालून दुसरी वाट पाडतात. त्याऐवजी मातीचाच लांबट खोलगटपणा आणि त्याच्या खालच्या अंगाला उंचवटा करा, दोन्ही मिळून ६ ते ८ मीटर. दाबून झाल्यावर तळ आणि माथा यांत ३० ते ४० सेंटिमीटर फरक राहायला हवा. खोलगटाची रेषा उताराकडे तिरपी ठेवा. ती काटकोनात आडवी असली, तर पाणी थबकतं, गाळ बसतो आणि पुढच्या सरीला ते उंचवट्यावरून उडी मारतं. बाहेर पडायचं तोंड निदान मीटरभर रुंद हवं. खणलेली माती त्या तोंडाशी टाकू नका. मुरमाच्या ८-१० टक्के चढावर असा एक दर २०-२५ मीटरला लागतो.

वेळही महत्त्वाची आहे. फेब्रुवारी-मार्चमधली कोरडी माती कितीही चोपली तरी बसत नाही, तिची फक्कीच होते. हे काम ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ओल टिकून असताना करा. मेअखेरीस फक्त तोंडं साफ करायची आणि खालच्या कडेला साचलेला वरंबा फावड्याने काढायचा. मीटरभर रुंद वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४-५ सेंटिमीटर खाली असली की पाणी आडवं निघून जातं. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन वाट पायी चाला. पाणी नेमकं कुठे तुंबतं आणि कुठून वाटेत शिरतं, ते त्या एका फेरीत दिसतं. दुसरी कुठलीही पाहणी इतकं शिकवत नाही.

डबक्याला वळसा

वाटेत डबकं साचतं, लोक बाजूने जातात, मग ती बाजूही चिखल होते. एक मीटरची वाट बघता बघता चार मीटर रुंद होते. नुसत्या काट्या टाकून वळसा बंद होत नाही. डबक्याच्या खालच्या अंगाचा वरंबा फोडून पाणी काढा, तळाला हाताएवढे दगड आणि वर मुरूम घाला, आणि मगच वळशावर मोठे दगड ठेवा.

ओढ्यातही हेच. पात्रातून लांबवर चालवू नका. खडकाळ तळाची जागा निवडून काटकोनात ओलांडा. दोन्ही काठांवर वाट ओढ्याकडे उतरत आलेली हवी, नाहीतर पुराच्या वेळी ओढा वाटेवरूनच वाहू लागतो.

पावसाळ्यात आणि सड्यावर चालवणं

जून ते सप्टेंबर मातीच्या वाटा बंद ठेवा. त्यानंतरही तारखेवर जाऊ नका, मातीवर जा. मूठभर माती दाबून तळहातावर वळा. पेन्सिलीएवढी वळकटी झाली, तर वाट अजून तयार नाही. मुरूम दोन-तीन कोरड्या दिवसांत मोकळा होतो, काळी माती कितीतरी जास्त वेळ घेते.

जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उघडी पठारं, मात्र बारा महिने वर्ज्य. उन्हाळ्यात सडा ओसाड दिसतो, म्हणून तिथे चालवायला हरकत नाही असं वाटतं. पण पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींचे कंद आणि बिया त्याच दोन बोटं मातीत निजलेल्या असतात. एकदा ती माती उखडून वाऱ्यावर गेली की परत येत नाही.

‘सरपंचांना विचारलंय’

एका वाटेत जमिनीचे दहा-बारा गट नंबर येऊ शकतात. गावनकाशावर वाट आखा, प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे राखीव वन किंवा खाजगी वन अशी नोंद असेल, तर ग्रामपंचायतीचं पत्र पुरत नाही, वनविभागाची लेखी परवानगी लागते. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. अशा वाटा क्लबच्या यादीत नकोतच.

वाटेवर गुरं दिसली की इंजिन बंद करायचं आणि गुराखी मामांनी हात करेपर्यंत थांबायचं. कुंपणातलं कवाड जसं सापडलं तसंच ठेवायचं. सायलेन्सर कंपनीचाच असावा. वाटा बंद होण्यामागे आवाजाची तक्रार फार मोठं कारण असते. वाटेची जीपीएक्स फाइल (वाटेची जीपीएस नोंद) इंटरनेटवर उघडपणे टाकली की महिन्याभरात अनोळखी गट येतात आणि शेतकरी क्लबलाच जाब विचारतात. फाइल फक्त त्या दिवशीच्या चालकांना द्या.

गट हरवणं आणि घसरणं

एका गटात आठ-दहाच गाड्या ठेवा. प्रत्येक फाट्यावर पुढारी आपल्या मागच्या चालकाला उभा करतो, आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत तो जागा सोडत नाही. ‘सगळे गेले असतील’ म्हणून तो निघाला की मागचा अर्धा गट चुकीच्या खिंडीत जातो. शेवटच्या गाडीवर अनुभवी माणूस, प्रथमोपचार पेटी, हवेचा पंप आणि २१ इंची ट्यूब हवी. अडचणीत ती १८ इंची मागच्या चाकातही तात्पुरती चालते.

टायरची हवा न उतरवता खडा चढ चढणं हेही वाट बिघडवतं, कारण चाक जागीच फिरून खड्डा करतं. एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या ट्यूबच्या गाड्यांना २० ते २२ पीएसआय ठीक. रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा क्लॅम्प) नसताना १८ च्या खाली गेलात, तर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो. खडकावर ट्यूब चिमटली जाऊन दुहेरी पंक्चरही होतं.

पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडकत असेल तरच काढायचं. १०८ ला फोन करण्याआधी अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्या. कारण रेंजसाठी टेकडीवर जाऊन फोन करणारा माणूस वेगळा असतो, तो कागद त्याच्याकडे द्या.

फेब्रुवारी ते मे तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. सायलेन्सरला चिकटलेली काडीही वणवा लावायला पुरते. दोन गाड्यांमागे एक लिटर पाणी फक्त आगीसाठी राखा.

सगळं एकाच्या फोनमध्ये

परवानग्या, शेतकऱ्यांचे नंबर, वाटेच्या दुरुस्तीची नोंद एकाच माणसाकडे असते आणि तो नोकरीसाठी गाव सोडतो. प्रत्येक वाटेची एक वही करा: गट नंबर, कोणाशी कधी बोलणं झालं, कुठला उंचवटा कधी केला. वही दोघांकडे असू द्या. क्लब न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की जुन्याच माणसांच्या सह्या बँकेत चालू राहतात आणि फावडी, पहारी, घमेली घ्यायलाही पैसे निघत नाहीत.