नव्या गिटारसोबत तिची मापंही मागून घ्या
स्वतंत्र कारागिराकडून इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतलीत, तर ताबा घेतानाच तिची मापं कागदावर लिहून घ्या: स्केल लेंथ (तारेची वाजणारी लांबी), फ्रेटवायर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, ज्या तारेचे असतात ती), पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाची) वायरिंग, तारांचा गेज (जाडी) आणि ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, तिचा बाक जुळवणाऱ्या सळईच्या) चावीचं माप. कंपनीच्या गिटारची माहिती मॉडेलवरून मिळते, हिची फक्त त्या माणसाकडे असते. चावी तर जास्तीची एक मागाच. चुकीच्या चावीने रॉडच्या नटाचे कोपरे झिजले, की दुरुस्ती फार अवघड जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात नेकचा (गिटारच्या मानेचा) बाक हमखास बदलतो. जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये पहिला व शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण ०.२ मिलिमीटर ठीक. फट कमी-जास्त असेल, तर रॉडचा नट एका वेळी पाव फेराच फिरवा, सूर लावा, मग पुन्हा मोजा.